फूल, दोन पानं आणि ब्रेक्झिट

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये जे सार्वमत झालं, त्यात मत द्यायचा हक्क कुणाकुणाला होता, ठाऊक आहे? आमच्या ऑफिसातले एक सीनियर तेव्हा इंग्लंडमध्ये ऑनसाइट होते. कंपनीचा व्हिसा, भाड्याचं घर, पुण्याहून नेलेला कुकर, सगळं नेहमीचंच. परवा जेवताना सहज म्हणाले, "मीपण दिलं होतं की मत." मी चाटच पडलो! भारतीय पासपोर्टवर? पण खरंच तसं होतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत होते, त्यांना मत होतं. उलट वीस वर्षं लंडनमध्ये राहून, कर भरून, पोरं तिथल्याच शाळेत घातलेल्या फ्रेंच किंवा पोलिश माणसाला मत नव्हतं (आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाले तेवढे अपवाद). इतकंच काय, पंधरा वर्षांहून जास्त काळ परदेशात राहणाऱ्या खुद्द ब्रिटिश माणसालाही नव्हतं.

म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं, हे ठरवण्यात आपल्या कोथरूड-ठाण्याच्या काही मंडळींचाही खारीचा वाटा आहे. तर मग या वीकेंडला तेच खणत बसलो. आणि खणता खणता माझ्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न घर करून बसला: कुणी मत दिलं यापेक्षा, विचारलं काय होतं?

पण थोडं मागून सुरुवात करू. कारण बाहेर पडायचं का, हा प्रश्न ब्रिटिशांना २०१६ ला पहिल्यांदा विचारला गेला नव्हता. पहिल्यांदा विचारला तो ५ जून १९७५ ला.

ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरायचं होतं, पण फ्रान्सच्या द गॉल साहेबांनी १९६३ आणि १९६७ असं दोनदा दार लावून घेतलं. शेवटी १ जानेवारी १९७३ ला, एडवर्ड हीथ पंतप्रधान असताना, ब्रिटन आत गेला. पुढच्याच वर्षी मजूर पक्षाचे हॅरॉल्ड विल्सन सत्तेवर आले. त्यांची अडचण अशी, की या प्रश्नावर त्यांचा स्वतःचा पक्ष मधोमध चिरलेला. मग त्यांनी तोडगा काढला: आधी युरोपशी नव्याने वाटाघाटी करू, मग जे मिळेल ते जनतेपुढे ठेवू. मार्च १९७५ मध्ये डब्लिनला त्या पूर्ण झाल्या. न्यूझीलंडचं लोणी, राष्ट्रकुलातल्या देशांची साखर, ब्रिटनने भरायची वर्गणी असे विषय. फार मोठं काही पदरात पडलं नाही, पण "भांडून आणलं बघा" म्हणण्यापुरतं मिळालं.

मंत्रिमंडळात १६ जण राहण्याच्या बाजूने, ७ विरुद्ध. विल्सन यांनी मंत्र्यांना मोकळीक दिली, ज्याला ज्या बाजूने प्रचार करायचा त्याने करावा. ९ एप्रिलला संसदेत ३९६ विरुद्ध १७० मतांनी राहण्याचा ठराव पास झाला खरा, पण मजूर पक्षाच्या खासदारांपैकी १४५ विरोधात आणि १३७ बाजूने! म्हणजे पंतप्रधानांचा ठराव विरोधी पक्षाच्या मतांवर पास झाला.

त्या वेळचा प्रचार आज बघितला की उलटापालट झाल्यासारखं वाटतं. डाव्यांचे टोनी बेन आणि उजव्यांचे इनॉक पॉवेल, ज्यांचं एरवी एका वाक्यावर पटलं नसतं, ते दोघंही 'बाहेर पडा' म्हणत होते. आणि फेब्रुवारीतच हुजूर पक्षाच्या नेत्या झालेल्या मार्गारेट थॅचर बाई, युरोपातल्या देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून 'राहा' म्हणून प्रचार करत होत्या. हो, त्याच थॅचर बाई!

वाद कशावर होता? मुख्य म्हणजे किराण्यावर. महागाई २० टक्क्यांच्या वर गेलेली. मंत्री असलेल्या बार्बरा कॅसल चक्क ब्रसेल्सला जाऊन खरेदी करून आल्या, तिथे खाणं किती महाग आहे ते दाखवायला. पलीकडची बाजू म्हणायची की महायुद्ध संपून तीसच वर्षं झाली आहेत, शांतता हवी तर एकत्र राहा. आता एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की १९७५ ला लोकांना हा फक्त व्यापाराचा मामला आहे असं सांगून फसवलं, सार्वभौमत्वाचं कुणी बोललंच नाही. हे तितकंसं खरं नाही. बेन यांनी ब्रिस्टलच्या आपल्या मतदारांना जाहीर पत्र लिहून नेमकं हेच सांगितलं होतं, की तुम्ही निवडून दिलेल्या आणि तुम्ही घालवू शकता अशा संसदेच्या हातून कायदे करण्याचा अधिकार निसटतो आहे. मुद्दा वजनदार होता आणि तो सगळ्यांच्या कानावरही गेला होता. सरकारचं एक, 'हो'वाल्यांचं एक आणि 'नाही'वाल्यांचं एक, अशी तीन पत्रकं घरोघरी पोचली होती. मात्र पैशाच्या बाबतीत सामना एकतर्फी. 'हो'वाल्यांनी सुमारे १५ लाख पौंड खर्च केले, 'नाही'वाल्यांनी दीड लाखाच्याही आत.

निकाल: राहण्याच्या बाजूने ६७.२ टक्के. मतमोजणीच्या ६८ विभागांपैकी ६६ विभाग 'हो' म्हणाले. फक्त शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स ही स्कॉटलंडची बेटं 'नाही' म्हणाली.

आता गंमत बघा. तेव्हा सगळ्यात जास्त युरोपप्रेमी होता इंग्लंड, ६८.७ टक्के. स्कॉटलंड ५८.४ आणि उत्तर आयर्लंड ५२.१ वर. स्कॉटिश नॅशनल पार्टी तर तेव्हा चक्क बाहेर पडण्याच्या बाजूने होती. २०१६ ला हे सगळं चित्र डोक्यावर उभं राहिलं. इंग्लंड ५३.४ टक्क्यांनी 'बाहेर' आणि स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी 'राहा'. एक्केचाळीस वर्षांत माणसं बदलली, पक्ष बदलले आणि तो युरोपही बदलला. दोन-तृतीयांश मतं मिळूनही वाद काही मिटला नव्हता. १९८३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने बाहेर पडण्याचं आश्वासन दिलं होतं, आणि पुढे थॅचर बाईंच्या १९८८ च्या ब्रूजमधल्या भाषणानंतर हुजूर पक्षात उलटं वारं वाहू लागलं.

असो. आता येऊ २०१६ कडे.

डेव्हिड कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचा शब्द दिला, २०१५ ची निवडणूक जिंकली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रसेल्सला जाऊन विल्सन यांच्यासारख्याच वाटाघाटी करून आले. मतपत्रिकेवरचा प्रश्न आधी हो/नाही असा होता. निवडणूक आयोगाने सुचवलं, की त्याने 'हो'कडे थोडा कल जातो, म्हणून तो बदला. मग अंतिम प्रश्न असा झाला: युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचा सदस्य राहावं, की संघ सोडावा? दोन पर्याय, दोन चौकटी. भाषेच्या दृष्टीने अगदी निर्दोष प्रश्न.

पण आपल्या धंद्यातल्या कुणालाही हा प्रश्न दाखवा, तो पहिल्यांदा काय विचारेल? "सोडून कुठे जायचं?"

'राहा' या पर्यायाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. आज आहे तसंच, अधिक कॅमेरून यांनी आणलेलं काहीबाही. 'सोडा'चे मात्र निदान चार अर्थ होते. नॉर्वेसारखं बाजारात राहून संघाबाहेर? स्वित्झर्लंडसारखे सुटे सुटे करार? कॅनडासारखा एक व्यापार करार? की काहीच करार नाही, फक्त जागतिक व्यापार संघटनेचे नियम? या चारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात युरोपातली माणसं पूर्वीसारखीच येत राहणार, चौथ्यात सीमेवर ट्रकच्या रांगा लागणार. पण मतपत्रिकेवर चारही एकाच चौकटीत.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सोसायटीच्या जनरल बॉडीत विचारायचं, "रिडेव्हलपमेंट हवं की नको?" हात वर करा. कुणाला वाटतं ४० टक्के जादा कार्पेट मिळेल, कुणाला वाटतं कॉर्पस फंड मिळेल, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना लिफ्ट हवी असते. सगळे हात वर. ठराव बहुमताने मंजूर! खरी मारामारी सुरू होते ती बिल्डरचं पहिलं ऑफर लेटर आल्यावर.

हे काही कुणाच्या नजरेतून सुटलं होतं असंही नाही. 'सोडा'वाल्यांच्या मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनी २०१५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की सगळ्यांना पटेल अशी बाहेर पडण्याची एकच योजना बनवणं जवळपास अशक्य आहे. मग त्यांनी काय केलं? योजना दिलीच नाही. त्याऐवजी बसवर आठवड्याला ३५ कोटी पौंडांचा आकडा रंगवला (दिशाभूल करणारा आहे असं तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने सांगूनही तो तसाच राहिला) आणि 'सूत्रं पुन्हा हाती घ्या' अशी घोषणा दिली. सूत्रं हाती घेऊन काय करायचं, ते ज्याचं त्याने मनात भरायचं.

आणि लोकांनी भरलं. कुणी म्हणालं परदेशी लोक येणं कमी होईल. त्याच बाजूच्या प्रीती पटेल भारतीय उपखंडातल्या रेस्टॉरंटवाल्यांना सांगत होत्या, की युरोपातून येणाऱ्यांमुळेच तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळत नाही, बाहेर पडलो की मिळेल. एकाला माणसं कमी हवी होती, दुसऱ्याला जास्त. दोघांनी एकाच चौकटीत फुली मारली. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा हा तर इतका कळीचा मुद्दा, की ९ जूनला टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर हे दोन माजी पंतप्रधान मुद्दाम डेरीला जाऊन सांगून आले, १९९८ च्या शांतता कराराशी खेळू नका. इंग्लंडमधल्या प्रचारात त्यावर फारशी चर्चाच झाली नाही. वातावरण इतकं तापलं होतं, की १६ जूनला जो कॉक्स या तरुण खासदार बाईंचा भररस्त्यात खून झाला.

निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१. सुमारे १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. दुसऱ्या दिवशी कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. नव्या पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या, ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट. स्पेसिफिकेशन डॉक्युमेंट उघडावं आणि आत फक्त प्रोजेक्टचं नावच लिहिलेलं असावं, तसंच हे.

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा करार संसदेत २३० मतांनी पडला. २७ मार्चला खासदारांनी आठ वेगवेगळे पर्याय मताला टाकले. आठच्या आठ नापास. १ एप्रिलला पुन्हा चार पर्याय, चारही नापास. त्यातला जकात संघाचा पर्याय फक्त तीन मतांनी पडला. 'सोडा'ला बहुमत होतं, पण सोडण्याच्या कुठल्याही एका प्रकाराला नव्हतं. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने देश बाहेर काढला. आणि परदेशी लोकांचं येणं? युरोपातून ते कमी झालं, बाहेरून इतकं वाढलं की २०२३ मध्ये वर्षाचा निव्वळ आकडा ९ लाखांच्या वर गेला. येणाऱ्यांत भारतीय अगदी पुढे. ज्यांनी येणं कमी व्हावं म्हणून मत दिलं, त्यांना काय वाटलं असेल?

इथे कुणी म्हणेल, बाबा रे, बाहेर पडणाऱ्याला आधीच सगळं कसं लिहून देता येईल? समोरचा काय देणार ते वाटाघाटीनंतरच कळणार ना! मुद्दा बरोबर आहे. पण प्रयत्न करणारे झाले आहेत. २०१४ मध्ये स्कॉटलंडने ब्रिटनमधून बाहेर पडावं का, यावर सार्वमत झालं. तिथल्या सरकारने त्याआधी नोव्हेंबर २०१३ मध्ये सहाशेहून जास्त पानांचं पुस्तकच काढलं: चलन कुठलं, पेन्शन कोण देणार, सैन्य किती. (आणि हो, तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना आणि सोळा वर्षांच्या मुलांनाही त्यात मत होतं.) झालं काय? लिहून दिलं म्हणून विरोधकांना नेमकं बोट ठेवायला जागा मिळाली. पौंड वापरू म्हणता, पण लंडन नाही म्हणालं तर? या एका प्रश्नाने त्यांना शेवटपर्यंत छळलं. ५५.३ विरुद्ध ४४.७ ने ते हरले.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. ज्यांनी योजना लिहिली ते हरले. ज्यांनी मुद्दाम लिहिली नाही ते जिंकले. ज्याने आधी खरं एस्टिमेट दिलं त्याचं टेंडर गेलं, यातलाच प्रकार. म्हणजे प्रचार करणाऱ्याकडून स्पष्टपणाची अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. त्याचा फायदा धूसर राहण्यातच आहे. मग स्पष्टपणा आणायचा कुणी? माझ्या मते, जो प्रश्न विचारतो त्याने. म्हणजे संसदेने, मतदान जाहीर करणाऱ्या कायद्यातच.

आणि हे शक्य आहे, याचा पुरावा आपल्या शेजारी आहे. गोवा, १६ जानेवारी १९६७.

तिथे प्रश्न बाहेर पडण्याचा नव्हता, मिसळून जाण्याचा होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं? संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी खास कायदा केला. दोन चिन्हं ठरली. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. भावना ब्रिटनपेक्षा काकणभर जास्तच तापलेल्या. भाषा, धर्म, जात, जमीन, सगळंच पणाला लागलेलं. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, तर 'राष्ट्रमत' विरोधात, आणि त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर. महाराष्ट्रात जाऊ नका हा प्रचार मराठी दैनिकातून, मराठीत! पण फुलाला मत दिलं तर उद्या काय होणार आणि पानांना दिलं तर काय, हे पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येकाला माहीत होतं. दोन्ही पर्यायांना पत्ता होता.

आणखी एक गोष्ट केली. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणवादी. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. निकाल आला: पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोवेकरांनी त्याच बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा निवडून दिलं! म्हणजे लोकांनी 'विलीनीकरण नको' आणि 'भाऊसाहेब हवेत' ही दोन उत्तरं वेगवेगळी दिली, कारण त्यांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारले गेले. २०१६ ला कितीतरी लोकांनी कॅमेरून यांच्यावरचा राग युरोपच्या चौकटीत काढला, असं म्हणतात. त्यांना दुसरी चौकट कुणी दिलीच नव्हती.

गोव्यात जिंकला तो 'आहे तसं'वाला पर्याय, त्यामुळे अंमलबजावणी सोपी होती, हे मान्य. पण फूल जिंकलं असतं तरी पुढे काय, यावर आठ पर्याय मताला टाकायची वेळ आली नसती. हरलेल्यांना दुःख झालं, पण आपण नेमके कशावर हरलो हे त्यांना कळत होतं. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झाला, तोवर विलीनीकरणाचा विषय मागे पडला होता.

बेन यांचा मुद्दा मला आजही पटतो. जे आपल्यावर राज्य करतात त्यांना घालवण्याची सोय आपल्या हातात हवी. त्यासाठी कुणाला संघ सोडावासा वाटला तर तो वेडा नाही आणि मागासही नाही. पण ज्या माणसाकडून त्याच्या देशाचं पुढच्या पन्नास वर्षांचं उत्तर घ्यायचं, त्याला प्रश्न पूर्ण सांगायला नको? अर्धवट प्रश्नावर दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या मनातलं उत्तर देतात, आणि उरलेला अर्धा प्रश्न मग कुणीतरी बंद दाराआड सोडवतं. सूत्रं हाती घ्यायला गेलेल्यांच्या हातून सूत्रं जातात ती नेमकी तिथे.

तेव्हा मंडळी, सोसायटी असो, युनियन असो की देश असो, कुणी "हवं की नको?" विचारलं तर हात वर करण्याआधी एवढंच म्हणा: कागद दाखवा.